जुलै महिन्याचा निरोप

रामकिशन सूर्यवंशी टपाल घरी मुक्कामाला ठेवत नाही, असं लातूरच्या कचेरीत म्हणायचे. ब्याऐंशी साली उस्मानाबादेतून लातूर फुटून नवा जिल्हा झाला, नव्या कचेरीला शिपाई लागले, त्यात हा लागला. बावीस वर्षं त्यानं साहेबाचा कागद ज्याच्या हातात द्यायचा त्याच्याच हातात दिला. अंगात ताप असला तरी दिला, ओढ्याला पूर आला तरी धोतर खांद्यावर टाकून दिला. त्याची बायको पंचफुला हिला या गोष्टीचा नवऱ्यापेक्षा जास्त अभिमान. चार बायकांत बसली की म्हणायची, "आमच्या घरी निरोप शिळा होत न्हाई."

त्याच पंचफुलाला सोळा सालच्या एप्रिलात, लातूरच्या दवाखान्यात खाटेवर पडल्यापडल्या कळलं, की तिच्या नावाचा एक निरोप दहा महिने तिच्याच घरात शिळा होत पडला होता.

गाव उदगीरपासून बारा-पंधरा किलोमीटर. दोन पावसाळे कोरडे गेलेले. विहिरींच्या तळाला भेगा पडल्या होत्या. लातूर शहराला तर रेल्वेनं पाणी येत होतं. गावात दिवसाआड टँकर यायचा, पण कधी येईल याचा नेम नसायचा. म्हणून बायका सकाळीच घागरी रांगेत मांडून बाभळीखाली बसायच्या. मळेवाल्यांची कस्तुराबाई आणि बौद्धवाड्यातली पंचफुला, दोघींच्या घागरी एकमेकींना लागून असायच्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्या दोन घरांचं पाणवठ्यावर जमलं नव्हतं, त्यांना एका टँकरनं एका ओळीत आणून बसवलं होतं.

त्या रांगेत एक रीत पडून गेली होती. जिच्याजवळ दुखण्याच्या गोळ्या असतील तिनं पदराची गाठ सोडायची आणि सगळ्यांना वाटायच्या. कंबर असो, गुडघा असो, डोकं असो, सगळ्याला एकच गुलाबी गोळी.

"घे पंचफुला. निम्मं दुखणं उतरतं," कस्तुराबाई म्हणायची.

"निम्मंच कामून? सगळं उतरवा की."

"सगळं उतरलं तर तुझी घागर बी मलाच उचलाया लावशील."

पंचफुला गोळी तोंडात टाकून ती तशीच गिळायची. वर पाणी प्यायची नाही. मग ऐटीत सांगायची, "मला घरी बी एक गोळी हाय. ताकदीची. पेन्शनवाल्यांच्या बायकांला सरकार देतं."

"मग माझ्या मालकाला कामून न्हाई पेन्शन?"

"तुमच्या मालकानं जन्मभर बैलाला हुकूम सोडले. बैलाकडंच मागा म्हणावं."

बायका हसून लोळायच्या.

ती ताकदीची गोळी रामकिशननं गेल्या जुलैपासून सुरू केली होती. जुलैत तिच्या पायांवर सूज आली, म्हणून तो तिला लातूरला घेऊन गेला होता. रक्त घेतलं, लघवी घेतली. डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं आणि ती बाहेर बाकड्यावर बसून राहिली. बाहेर येऊन तो म्हणाला, "काही न्हाई, थकवा हाय. सरकारी गोळी लिहून दिली." तेव्हापासून रोज जेवण झालं की तो आपल्या हातानं एक गोळी तिच्या तळहातावर ठेवायचा. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं कधी तिच्या हातावर काही ठेवलं नव्हतं. तिला आतून गोड वाटायचं. सकाळी उठल्याबरोबर तो तिच्या पायाच्या घोट्यांकडं बघायचा, त्याचंही तिला हसू यायचं. म्हातारपणी याला बायकोचे पाय दिसायला लागले, असं ती मनात म्हणायची.

"पाणी पी की गं," तो मधूनच म्हणायचा.

"आधी शेळीला पाजते. गाभण हाय बिचारी."

"तू पी आधी."

"मी काय गाभण हाय का?"

यावर तो हसायचा आणि टोपी घालून बाहेर निघून जायचा. तिला खरंच तहान सोसायची सवय झाली होती. पाणी प्यायलं की आडोसा शोधत जावं लागतं, आणि रांगेतली जागा जाते. म्हणून ती सकाळपासून दुपारपर्यंत ओठ नुसते ओले करायची.

एकदा कस्तुराबाईनं तिला गुलाबी गोळ्यांचं अख्खं पाकीट दिलं. पंचफुलानं ते कोनाड्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ते गायब झालं. दुपारी कस्तुराबाई घरी येऊन गेली होती, दुसरं कोणी आलं नव्हतं. पंचफुलाचं तोंड सुटलं. भर रांगेत ती म्हणाली, "दिलेलं माघारी न्यायचं होतं तर दिलं कशाला?" कस्तुराबाई उठली. आपली घागर उचलून ती रांगेच्या शेवटाला जाऊन बसली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. गोळ्या मात्र दुसऱ्या बायकांकडून मिळत राहिल्या.

एप्रिलात उदगीरला नव्या जिल्ह्यासाठी लोक धरणं धरून बसले. उदगीर जिल्हा होणार, आज होणार, पंधरा ऑगस्टला घोषणा होणार, असं गावोगाव चाललं होतं आणि रामकिशनचा त्यावर पक्का भरवसा. एक जिल्हा होताना त्यानं डोळ्यांनी बघितला होता. कचेरी आली, रस्ते आले, मोठा दवाखाना आला. "आता कशाला दर तीन महिन्याला लातूरच्या खेपा?" असं तो एकदा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला होता. "जिल्हा झाला की मोठे डॉक्टर हितंच बसतील." जुलैनंतर ती लातूरला गेलीच नव्हती; पण कसल्या खेपा, हे तिनं विचारलं नाही. तो दोन दिवसांसाठी धरण्याला गेला आणि जाताना दोन गोळ्या कागदात बांधून देऊन गेला. "चुकवू नको," असं दोनदा बजावलं.

त्याच दोन दिवसांत टँकरच्या पाण्यानं अर्ध्या गल्लीला उलट्या-जुलाब लागले. पंचफुलाच्या पोटात काही ठरेना. पण नवऱ्यानं बजावलं होतं म्हणून उलटीवर उलटी झाली तरी तिनं त्या दोन्ही गोळ्या घेतल्या. अंग मोडून आलं म्हणून गुलाबीही दोन घेतल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ती रांगेतच कोसळली. दीड दिवसात तिला लघवी झाली नव्हती.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तिला नीट दिसू लागलं. खाटेशी डॉक्टर सिद्धेश्वर उभे होते. तरुण माणूस, हातात जुनी फाईल. पलीकडं रामकिशन.

"मावशी, उलट्या लागल्यावर ती गोळी बंद केली होती ना?"

"कंची? गुलाबी?"

"गुलाबी कुठली?"

"कमरेची. रांगेत मिळती ती."

डॉक्टरांनी फाईल मिटली. "काका, दुखण्याच्या गोळ्या अजिबात नाहीत असं मी सांगितलं होतं. उलटी-जुलाब झाले तर आपली गोळी थांबवून लगेच या, असंही सांगितलं होतं. तुम्ही यांना सांगितलं नाही?"

रामकिशन खिडकीकडं बघत राहिला.

"काय सांगायचं व्हतं?" पंचफुलानं विचारलं. डॉक्टर पुन्हा रामकिशनकडं बघू लागले तशी ती म्हणाली, "त्यांच्याकडं कामून बघता डॉक्टरसाहेब? आंग मपलं हाय. हिकडं बघून बोला."

डॉक्टर स्टूल ओढून बसले.

"मावशी, तुमच्या दोन्ही किडन्यांवर वण धरलाय. जखम भरली की कातडीवर घट्टा राहतो ना, तसा आतून. चाळणीची भोकं बुजत जातात. जुलैत शंभरातले पस्तीस हिस्से काम चालू होतं."

"आन् ती सरकारी गोळी?"

"सरकारी नाही. त्या वणावरचीच गोळी." त्यांनी फाईल मांडीवर ठेवली. "शरीरात पाणी कमी पडलं की किडनी एक निरोप सोडते. मीठ धरा, पाणी धरा, रक्ताचा जोर वाढवा. त्या निरोपाला आम्ही हार्मोन म्हणतो. आणि अंगात जागोजाग तो निरोप घ्यायला दारं असतात. निरोप दारात पोचला, दारानं घेतला, की काम होतं. धडधाकट माणसात काम झालं की निरोप थांबतो. तुमची किडनी दुखावलेली आहे, ती थांबतच नाही. पाणी असलं तरी ओरडते, पाणी नाही, पाणी नाही. तेच ऐकून ऐकून ती दारं वण धरायला लावतात. जिथं दुखावलंय तिथं शरीर अशी दारं कुठं कमी करतं, कुठं वाढवतं, सगळा हिशेबच बिघडतो. ही गोळी त्या दारात जाऊन बसते. निरोप येतो आणि दार बंद बघून माघारी जातो. वण सावकाश वाढतो. माणूस वर्षानुवर्षं काढतो."

"मंग गोळी चांगली म्हणायची."

"चांगलीच. पण उलट्यांनी अंगातलं पाणी खरंच गेलं, तेव्हा किडनीचा निरोप खरा होता. तेवढ्या दोन दिवसांपुरता तो पोचायला हवा होता. आणि तेव्हा दार बंद होतं. वरून तुमची गुलाबी गोळी. तिनं किडनीत जाणाऱ्या रक्ताची वाटच आवळली."

पंचफुलानं कूस वळवून त्यांच्याकडं तोंड केलं. मग म्हणाली, "हे मला जुलैत कामून न्हाई सांगितलं तुमी?"

"काकांनी हात जोडले. म्हणाले, ती हाय खाईल, घरी नेऊन मी सावकाश सांगतो. मी ऐकलं." डॉक्टरांनी मान खाली घातली. "ऐकायला नको होतं. माझीही चूक झाली."

जाताना त्यांनी सांगितलं, दोन दिवस वाट बघू. रक्तातलं विष उतरलं नाही तर मशीन लावावं लागेल. रक्त बाहेर काढून, धुऊन पुन्हा आत. सलाईन बदलायला आलेल्या सिस्टरला पंचफुलानं विचारलं, त्या मशीनला पाणी लागतं का. सिस्टर म्हणाली, एका वेळेला शंभर-सव्वाशे लिटर तरी.

"आठवड्यातून कितीदा?"

"दोनदा, कधी तीनदा."

पंचफुला कोरडं हसली. ज्या पाण्यावर त्यांच्या गल्लीतली चार घरं दोन दिवस काढायची, तेवढं एकटीच्या रक्ताला लागणार होतं. आणि घोटभर पाणी वेळेवर प्यायचं, एवढंच जुलैत कळायला हवं होतं.

सिस्टर गेली. रामकिशन स्टुलावर बसला.

"पंचफुला," तो म्हणाला.

तिच्या डोक्यात दहा महिने उलटे फिरत होते. हातावर ठेवलेली गोळी. सकाळी पायाकडं बघणं. भाजीत मीठ कमी टाक म्हणणं. ज्याला ती माया समजत होती, ती पहाऱ्यावरच्या माणसाची नजर होती. तिला वाटायचं, आपण दोघं एका घरात राहतो. तो मात्र तिच्या मरणासोबत वेगळाच राहत होता आणि तिला बाहेर बसवलं होतं.

"ते पाकीट," ती एकदम म्हणाली. "कोनाड्यातलं. तुमी टाकलं?"

"हाव. उकिरड्यात पुरलं."

"आन् मी त्या बाईला भर रांगेत चोर म्हणले. तुमी ऐकलं का न्हाई ते?"

"ऐकलं."

"तवा बी तोंड उघडलं न्हाई."

तिचा मोबाईल वाजला. नांदेडला दिलेली लेक सिंधु. आई, कशी आहेस, मी उद्या निघते, असं रडत रडत बोलली आणि बोलण्याच्या भरात म्हणून गेली, "बाबाला मी म्हणलं व्हतं, पाण्याकडं लक्ष ठेवा म्हणून."

"कवा म्हणली?"

पलीकडं आवाज बंद झाला.

"सिंधु, कवा म्हणली तू?"

"दिवाळीत, आई."

पंचफुलानं फोन बंद करून उशाशी ठेवला. दिवाळीत सिंधु आठ दिवस माहेरी होती. आईच्या मांडीवर डोकं ठेवून सासूच्या चहाड्या सांगत होती.

"अजून कुणाला ठाऊक हाय? गावाला? शेळीला?"

रामकिशन रडायला लागला. सत्तरीचा माणूस, टोपीनं डोळे पुसत होता. "मी दहा वर्साचा होईस्तोवर बापासंगं मौतीची खबर घेऊन गावोगाव फिरलो पंचफुला. लोकांच्या दारात लांब उभं राहायचं आन् ओरडून सांगायचं, तुमचं अमुक माणूस गेलं. आतून बाया किंचाळायच्या, मला शिव्या घालायच्या. छप्पन साली आमी बौद्ध झालो, बापानं ते काम टाकलं तवा मी मनात म्हणलो, आता कुणाच्या घरात मी रडं नेणार न्हाई. आन् आपल्याच घरात... माझी जीभ उचलंना. वाटलं, जिल्हा होईल, दवाखाना दारात येईल, तवर गोळी चालू हाय, मंग सांगू."

हे सगळं खरं होतं, हे तिला कळत होतं. त्या लहान पोराची कीवही आली. पण राग हलला नाही.

"त्या घरांनी शिव्या दिल्या," ती म्हणाली, "पर त्यांला कळलं तर खरं. माती द्यायला तरी पोचले. मला तेवढं बी न्हाई." मग ती उशीला टेकून बसली. "आता सांगा."

"काय?"

"जुलैत डॉक्टर काय म्हणले ते. सगळं. मपल्याकडं बघून."

रामकिशननं टोपी डोक्यावर ठेवली. तो उभाच राहिला आणि त्यानं सांगितलं. रोज किती पाणी प्यायचं. मीठ किती. लोणचं-पापड बंद. दुखण्याची एकही गोळी नको. उलटी-जुलाब झाले तर ही गोळी थांबवायची आणि लगेच यायचं. दर तीन महिन्याला रक्त. डॉक्टरांनी ज्या ओळीनं सांगितलं होतं त्याच ओळीनं, एकही शब्द न गाळता. दहा महिने झाले, पण त्यातलं तो काही विसरला नव्हता.

ते ऐकताना पंचफुलाला सगळ्यात जास्त लागलं. विसरला असता तर बरं झालं असतं. सगळं पाठ असलेला माणूस रोज समोर बसून जेवत होता.

मशीन लागलं नाही. चौथ्या दिवशी लघवी सुटली, रक्तातल्या विषाचा आकडा उतरू लागला. आठव्या दिवशी सोडताना डॉक्टर म्हणाले, वणावरची गोळी सध्या बंद. तीन आठवड्यांनी रक्त बघू आणि ठरवू.

गावात आल्यावर ती आधी मळ्यात गेली. कस्तुराबाई शेण काढत होती. पंचफुलानं पाकिटाची हकीकत सांगितली. कस्तुराबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू मला चोर म्हणली तवा तुझी माणसं मपल्याकडं बघत व्हती. ते न्हाई इसरणार मी." थोड्या वेळानं म्हणाली, "बस. ताक हाय, पी. मीठ टाकलेलं न्हाई." पंचफुला बसली.

तीन आठवडे घरात बोलणं कामापुरतं. पाणी ती स्वतः तांब्यानं मोजून प्यायची, रामकिशन समोर असला की पाठ फिरवून. लातूरला जायच्या दिवशी तो टोपी घालून तयार झाला.

"तुमी कुठं?"

"दवाखान्यात."

"मी एकटी जाईन. आज टँकरचा दिस हाय. तुमी रांगेत बसा."

"बायांत?"

"मी बसत न्हवते का? मला उलटी झाली त्या दिवशी बी बसले व्हते."

लातूरची गाडी तिनं आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं पकडली. दवाखान्यात बाकड्यावर नंबर लावला. डॉक्टरांनी आत बोलावलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "किती उरलंय?"

"शंभरातले सव्वीस. जे गेलं ते वणात गेलं, परत येणार नाही. उरलेलं टिकवायचंय. गोळी निम्म्या मात्रेनं पुन्हा सुरू करावी असं मला वाटतं."

पंचफुलानं त्यांनी पुढं केलेल्या गोळीकडं बघितलं. तोच रंग. रोज जेवणानंतर तळहातावर यायची तीच. या गोळीवरून सगळं खोटं झालं होतं, आणि गोळीनं मात्र तिचं काही वाकडं केलं नव्हतं. ती आपलं काम इमानानं करत होती. बेइमानी झाली ती माणसांकडून.

"कवा थांबवायची ते पुन्यांदा सांगा," ती म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलं. तिनं ते तीनदा म्हणून दाखवलं. मग म्हणाली, "फाईलवर फोन नंबर त्यांचा हाय. खोडा. मपला घाला." डॉक्टरांनी तिच्यासमोर नंबर खोडला. तिनं तिथंच, त्यांच्या टेबलावरच्या ग्लासातलं पाणी घेऊन गोळी घेतली.

दुपारी तीनला ती गावच्या फाट्यावर उतरली. टँकर अजून आला नव्हता. बाभळीखाली बायका बसल्या होत्या आणि मधे रामकिशन, दोन घागरींमागं, उन्हानं लाल झालेला. सकाळपासून बायकांनी त्याची पुरती फिरकी घेतलेली दिसत होती.

तो लगबगीनं उठला. हळूच म्हणाला, "काय म्हणले डॉक्टर? घरी चल, घरी सांग."

तिनं त्याच्याकडं बघितलं. एक क्षण तिच्या मनात आलं, सांगूच नये. राहू दे याला तसंच, दहा महिने. आकडा माझ्यापाशी, आणि यानं सकाळ-संध्याकाळ माझ्या तोंडाकडं बघावं. पण ते तिला जमण्यासारखं नव्हतं. आणि घरात, दार लावून, कुजबुजत सांगणंही आता तिला जमणार नव्हतं.

"बायांनो, ऐका," ती मोठ्यांदा म्हणाली. "माझ्या किडनीवर वण हाय. शंभरातला सव्वीस हिस्सा उरलाय. जुलैत पस्तीस व्हता. यांला जुलैपासून ठाऊक व्हतं, माझ्या लेकीला ठाऊक व्हतं, मला न्हाई सांगितलं. मी पाणी शेळीला पाजत व्हते आन् तुमच्या गुलाबी गोळ्या खात व्हते. जिच्या पदरात त्या असतील तिनं डॉक्टरला इचारल्याबिगर कुणाला देऊ नये. आन् लघवीला जावं लागतं म्हणून तहान मारू नका. जागा गेली तर मी धरीन."

एका पोरसवद्या सुनेनं पदराची गाठ सोडून हातातल्या गोळ्यांकडं बघितलं. कस्तुराबाई म्हणाली, "सव्वीस म्हंजी किती गं?"

"चवथाई. चार घागरीतली एक."

रामकिशन मान खाली घालून उभा होता. "पंचफुला, चारचौघांत..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"हाव. चारचौघांत," ती म्हणाली. "सगळ्यांला ठाऊक असल्यावर कुणी माझ्यापासून लपवणार न्हाई."

फाट्याकडून टँकरचा धुरळा दिसला. बायका उठल्या, घागरींचा आवाज झाला. रामकिशनला नळीपर्यंत जायची वाट सापडेना. तो दोन्ही घागरी पोटाशी धरून तसाच उभा राहिला. मागच्या बाईनं त्याला कोपर मारलं, "सरका की म्होरं, मामा, का जिल्हा व्हायची वाट बघता?"

तो पुढं सरकला. पंचफुला त्याच्या मदतीला गेली नाही. ती बाभळीखाली बसली, पिशवीतून बाटली काढली आणि सगळ्यांसमोर हळूहळू पाणी प्यायली.